मधला माणूस गेला तरी मधलं काम उरतंच : ‘शेत ते ताट’ थेट विक्रीचा खरा हिशेब

२०२३ च्या जुलैत शहरातल्या किरकोळ बाजारात टोमॅटोने शंभरी ओलांडली, काही ठिकाणी तर किलोचा भाव दोनशेवर गेला. नंतर सप्टेंबरात बाजार समित्यांमध्ये भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी आणि गाडीभाडंही निघेना. कित्येक ठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्याकडेला ओतून दिला. जुलैत गिऱ्हाईक रडलं, सप्टेंबरात शेतकरी रडला.

असं झालं की पारावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच सल्ला फिरू लागतो : दलाल काढा, माल थेट विका. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. जे शेतकरी शहरातल्या सोसायटीच्या दारात भर उन्हात भाजी घेऊन उभे राहिले, त्यांना उरलेला अर्धा भाग माहीत आहे. मधला माणूस काढता येतो, त्याचं काम काढता येत नाही. ते काम कुणाला तरी करावंच लागतं, आणि त्याची मजुरीही कुणी तरी सोसतंच. महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत ज्यांनी हे काम नीट वाटून घेतलं, त्यांचं गाडं टिकलं. बाकीच्यांचा उत्साह एका हंगामात ओसरला.

रुपयाचे तुकडे कसे पडतात?

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये भाज्यांच्या आणि फळांच्या भावांचा अभ्यास मांडला. गिऱ्हाईक जो एक रुपया मोजतं, त्यातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात. कांद्याच्या शेतकऱ्याला ३६ आणि बटाट्याच्या शेतकऱ्याला ३७ पैसे मिळतात. केळीत हा वाटा ३१ पैसे, तर देशातच विकल्या जाणाऱ्या द्राक्षात ३५ पैशांच्या आसपास निघाला.

म्हणजे दोन तृतीयांश पैसा वाटेतच राहतो. मात्र तो सगळा एकाच माणसाच्या खिशात जात नाही. गावातून माल उचलणारी गाडी, चढ-उतार करणारे हमाल, तोलाई, अडत, बाजार समितीची फी, घाऊक व्यापारी, शहरातलं दुसरं गाडीभाडं आणि शेवटी कोपऱ्यावरचा हातगाडीवाला असे त्याचे वाटेकरी असतात. वाटेत सडणारा आणि दबणारा माल हाही एक मोठा वाटेकरीच. हातगाडीवाला दहा किलो टोमॅटो घेतो तेव्हा त्यातला किलो-दीड किलो फेकावा लागणार, हे धरूनच तो भाव लावतो.

व्यापारी नक्की करतो काय?

त्याला शिव्या देण्याआधी त्याच्या कामाची यादी करून पाहिलेली बरी.

पहिलं काम माल गोळा करण्याचं. दहा जणांचे वीस-वीस कॅरेट एकत्र आले तरच गाडी भरते. दुसरं प्रतवारीचं : एक नंबर, दोन नंबर, बदला. तिसरं काम गिऱ्हाईक शोधण्याचं, तेही रोज. चौथं म्हणजे पडून राहिलेल्या मालाचा तोटा सोसायचा.

पाचवं काम फारसं कुणी बोलत नाही, पण सगळ्यांत घट्ट गाठ तिथेच असते. ते म्हणजे उचल. लागवडीच्या वेळी खत-औषधाला पैसे कमी पडले, घरात लग्न निघालं, कुणी दवाखान्यात दाखल झालं, की अडत्या रात्रीतून पैसे देतो. त्यासाठी तो सातबारा मागत नाही, की जामीनदार. मग माल निघाला की तो त्याच्याच गाळ्यावर जातो, भाव काहीही असो. म्हणून नुसता दुसरा बाजार उभा करून भागत नाही. उचल घेतलेल्या शेतकऱ्याला त्या बाजाराची वाट मोकळीच नसते.

या कामांचा मोबदला योग्य आहे की लूट, हे ठरवायचं तर आधी हिशेबपट्टी वाचायला शिकलं पाहिजे. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, भाडं अशा ओळी असतात. फळं आणि भाजीपाल्याची अडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. राज्य सरकारने २०१६ मध्ये ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. तरीही पट्टीवर वेगळ्या नावाने कपात दिसली किंवा वजनात ‘कडता’ धरला, तर त्याचा जाब विचारता येतो. अडतीचं नाव बदललं म्हणून तिची अडत राहत नाही असं नाही. पट्ट्या जपून ठेवाव्यात. वर्षभराच्या पट्ट्या एका जागी लावल्या की कुठल्या गाळ्यावर किती कापलं जातं, ते आपोआप दिसतं.

कायदा आडवा येतो का?

महाराष्ट्रात शेतमालाची खरेदी-विक्री १९६३ च्या पणन कायद्याखाली चालते. फळं आणि भाजीपाला आपापल्या भागातल्या बाजार समितीतूनच विकण्याचं बंधन जुलै २०१६ मध्ये निघालं. त्यामुळे शेतकरी आपली भाजी गिऱ्हाइकाला, हॉटेलला, सोसायटीला किंवा दुकानाला थेट विकू शकतो.

अन्न सुरक्षा कायद्याचं भय अनेकांना वाटतं. शेतकऱ्याने आपल्या शेतातला कच्चा माल विकला, तर हा कायदा त्याला लागू होत नाही. पण टोमॅटोची चटणी, नाचणीचं पीठ, लोणचं किंवा पापड करून विकायचे असतील, तर नोंदणी लागते. छोट्या घरगुती उद्योगाला मोठ्या परवान्याची गरज नाही, साधी नोंदणी पुरते. विक्रीचा काटा मात्र वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारलेला हवा. आठवडे बाजारात बसायचं तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची पावती फाडावी लागते, हे सगळ्यांना माहीतच आहे.

थोडक्यात, थेट विक्रीच्या वाटेत कायद्याचा मोठा धोंडा राहिलेला नाही. अडचण हिशेबाची आहे.

एकट्याचा हिशेब आणि पाच जणांचा हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून हेच गणित पुन्हा करावं.

एका शेतकऱ्याकडे वीस किलोचे ३० कॅरेट, म्हणजे ६०० किलो टोमॅटो आहे. बाजार समितीत भाव मिळाला १२ रुपये. पट्टी झाली ७,२०० रुपयांची. गाडीभाडं कॅरेटमागे २५ रुपये, म्हणजे ७५० गेले. हमाली-तोलाई मिळून १५० गेले. हातात उरले ६,३००. किलोला पडले साडेदहा रुपये.

आता हाच शेतकरी तालुक्याच्या गावी जाऊन २५ रुपयांनी थेट विकायचं ठरवतो. एका पथारीवर एकच भाजी घेऊन बसलं तर ६०० किलो खपत नाही. १५० किलो नेला असं धरू. त्यातला १३० खपला, २० उरला. आले ३,२५० रुपये. छोटा हत्ती केला त्याचे ८००, पावतीचे १००, पिशव्या आणि चहा-नाश्त्याचे १५०. नवरा-बायको दोघंही दिवसभर तिथेच होती. त्यांची मजुरी ४०० प्रमाणे ८०० झाली. सगळं वजा जाता उरले १,४००. नेलेल्या १५० किलोवर वाटले तर किलोला सव्वानऊ रुपयांच्या थोडं वर पडतात.

म्हणजे २५ रुपये भाव मिळूनही बाजार समितीपेक्षा कमीच सुटले. मजुरी धरली नाही, तर २,२०० उरल्यासारखे वाटतात आणि घरात आनंद होतो. पण त्या दिवशी शेतातलं खुरपण राहिलेलं असतं. ते दुसऱ्या दिवशी मजूर लावून करावं लागतं. थेट विक्री काही महिन्यांत बंद पडते ती बहुतेक इथेच. तोटा दिसत नाही, कारण तो घरच्या माणसांच्या अंगावर पडलेला असतो. त्यातही बाईच्या अंगावर जास्त पडतो. पहाटे जुड्या बांधणं, दिवसभर पथारीवर बसणं आणि घरी येऊन पुन्हा चूल पेटवणं, हे सगळं तिच्याच वाट्याला येतं.

आता पाच शेतकरी एकत्र आले असं धरू. एकाचा टोमॅटो, एकाची वांगी, एकाची मेथी-कोथिंबीर, एकाची काकडी आणि एकाची गवार. प्रत्येकी १०० किलो, मिळून ५०० किलो. हिशेबाच्या सोयीसाठी सरासरी भाव २५ च धरू. ४५० किलो खपला, ५० उरला. आले ११,२५० रुपये. मोठी गाडी १,२००, पावत्या २००, किरकोळ खर्च २५०, आणि तिघं जण विक्रीला उभे राहिले त्यांची मजुरी १,२००. एकूण खर्च २,८५०. उरले ८,४००. किलोला पडले १६ रुपये ८० पैसे.

भाव तोच आणि बाजारही तोच. गाडी वाटली गेली, माणसं वाटली गेली, आणि गिऱ्हाइकाला एका जागी पाच भाज्या मिळाल्या म्हणून खपही वाढला. दोन शेतकरी तर त्या दिवशी आपल्या शेतातच होते.

दुधाला जमलं, भाजीला का नाही?

रिझर्व्ह बँकेच्या त्याच अभ्यासमालेत दुधाचा वाटाही काढला आहे. दुधाच्या रुपयातले सुमारे ७० पैसे उत्पादकाला मिळतात, म्हणजे टोमॅटोच्या दुप्पट. दूध तर टोमॅटोपेक्षा लवकर नासतं. मग फरक कशाने पडला?

दुधाचं मधलं काम गावातच होतं आणि रोज होतं. सकाळ-संध्याकाळ डेअरीवर माप घेतलं जातं, फॅट लागते, आणि फॅटप्रमाणे दर आधीच लिहिलेला असतो. दूध थंड करायची सोय आहे. जास्त झालेल्या दुधाची भुकटी आणि लोणी करता येतं. दहा लिटरवाला आणि शंभर लिटरवाला एकाच रांगेत उभे राहतात. डेअरीत भांडणं होत नाहीत असं नाही. दूध दराची आंदोलनं राज्याने अनेकदा पाहिली आहेत. पण माप, प्रत, दर आणि उरलेल्या मालाची सोय या चार गोष्टी ठरलेल्या असल्या की वाटा वाढतो, हे दुधाने दाखवलं. भाजीत यातली एकही गोष्ट गावपातळीवर ठरलेली नसते.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी याच वाटेने मोठी झाली. द्राक्षाची प्रतवारी, शीतगृह, निर्यात आणि टोमॅटोवर प्रक्रिया ही कामं शेतकऱ्यांच्या कंपनीनेच हातात घेतली. प्रत्येक गावाला एवढं मोठं होणं शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. धडा एवढाच की मधलं काम आपलं मानून त्यात पैसा आणि माणसं घातली तरच वाटा हातात येतो.

शेजाऱ्यांनी बाजार कसा उभा केला?

पंजाबने १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू केली. तेव्हाच्या एकसंध आंध्र प्रदेशने जानेवारी १९९९ मध्ये ‘रयतू बाजार’ काढले. त्याच वर्षाच्या शेवटी तमिळनाडूने मदुराईपासून ‘उळवर संदै’, म्हणजे शेतकऱ्यांचा बाजार, सुरू केला. नावं वेगळी असली तरी कल्पना एकच : ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं.

या बाजारांत सरकारने जागा दिली, काटे दिले आणि शेतकऱ्यांना ओळखपत्रं दिली. रयतू बाजारात रोज सकाळी भाव ठरतो आणि फळ्यावर लिहिला जातो. तो घाऊक भावापेक्षा वर आणि बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा खाली ठेवतात. त्यामुळे शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात आणि गिऱ्हाइकाचे दोन पैसे वाचतात. बसमधून माल नेण्याची सोयही अनेक ठिकाणी करून दिली गेली.

दुखणी तिथेही आहेत. शेतकऱ्याच्या नावावर व्यापारी घुसतात, ही तक्रार जुनीच आहे. लांबच्या गावच्या छोट्या शेतकऱ्याला पहाटेची बस पकडून येणं परवडत नाही, मग शहराजवळच्यांचाच फायदा होतो. ओळखपत्र तपासणारा माणूस ढिला पडला, तर वर्षभरात बाजाराचं रूप बदलून जातं.

महाराष्ट्रात पणन मंडळाने पुणे-मुंबई परिसरात शेतकरी आठवडे बाजार भरवले. तिथे एकेकटे शेतकरी येण्यापेक्षा शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या माल आणतात. ठरलेला वार, ठरलेली जागा, त्याच त्या ओळखीच्या माणसांकडून खरेदी. गिऱ्हाइकाची सवय अशीच लागते. २०२० च्या टाळेबंदीत शेकडो गटांनी सोसायट्यांना भाजीच्या पिशव्या पोचवल्या. टाळेबंदी उठली तसे अनेक गट थांबले. ज्यांनी वार आणि वेळ चुकवली नाही, भाजीचे प्रकार कमी पडू दिले नाहीत, त्यांचीच गिऱ्हाइकं राहिली.

आधी घरचं ताट

थेट विक्रीच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. शेतकऱ्याचं घर स्वतःच बाजारातून भाजी विकत घेतं. पाच एकर सोयाबीन किंवा ऊस, आणि घरात मात्र तालुक्याहून आणलेली मेथी. सगळं रान एकाच पिकाखाली असलं की भाव पडतो तेव्हा सगळंच पडतं. शिवाय अख्ख्या गावाकडे एकच पीक असेल, तर वरच्या उदाहरणातली पाच भाज्यांची गाडी भरणार कुठून?

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत काम करणाऱ्या बायांनी यावर साधा उपाय काढला. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा नवऱ्याकडून-सासऱ्याकडून मागून घ्यायचा आणि त्यात काय लावायचं ते बाईने ठरवायचं. त्या तुकड्यात भाज्या, डाळी आणि भरडधान्य अशी अनेक पिकं एकत्र. घरचं खत, कमी पाणी. आधी घरचं ताट भरायचं, उरलेलं गावात आणि बाजारात विकायचं. दुष्काळी भागात हे ‘एक एकर मॉडेल’ म्हणून ओळखलं गेलं. २०१७ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण त्यातली खरी गोष्ट पुरस्काराच्या आधीची आहे. नवऱ्याकडून एक एकर मागून घेणं, हेच अनेकींसाठी सगळ्यांत अवघड काम होतं.

दुसरी बाजू बियाण्याची. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात, नाचणी आणि परसातल्या भाज्यांचं गावठी बियाणं जपलं. बायफ संस्थेच्या साथीने तिथे बीज बँक उभी राहिली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईचं म्हणणं सरळ आहे : बियाणं घरात असेल तर पेरणीच्या वेळी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

याचा विक्रीशी संबंध असा. संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं, कारण त्याचं घरी धरलेलं बी तसंच पीक देत नाही. सरळ वाणाचं बी घरी धरता येतं. खर्च कमी झाला की उचलही कमी लागते, आणि उचल कमी झाली की माल कुठे विकायचा हे शेतकऱ्याच्या हातात राहतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही, एवढीच अट आहे. बीज बँकांची रीतही सोपी असते. हंगामाच्या तोंडावर बी न्यायचं आणि पीक निघालं की ठरल्याप्रमाणे दीडपट-दुप्पट परत आणून द्यायचं.

सगळं रान गावठी बियाण्याखाली आणा, असा याचा अर्थ नाही. टोमॅटोसारख्या पिकात संकरित वाणाचं उत्पादन जास्त येतं, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण परसबाग, कडधान्य, नाचणी, वाल यांत घरचं बी चालतं. आणि आठवडे बाजारात गिऱ्हाईक गावठी वांग्याला, गावरान घेवड्याला दोन रुपये जास्त मोजायला तयार असतं.

न्याय फक्त शेतकऱ्यापुरता नाही

माल शेतातून ताटापर्यंत जाताना आणखी दोन माणसं भेटतात, ती विसरून चालणार नाही. एक पाठीवर पोतं वाहणारा हमाल, दुसरा रोजंदारीवर जगणारा खाणारा.

हमालांची मजुरी आणि सोयीसुविधा यांसाठी महाराष्ट्रात मोठा लढा झाला आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. पुण्याच्या हमाल पंचायतीने पुढे ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रं काढली. तिथे कष्टकऱ्यांना परवडेल अशा दरात झुणका-भाकरीसारखं पोटभर जेवण मिळू लागलं. बाजारात राबणाऱ्यानेच बाजारातल्या जेवणाची सोय करायची, अशी ती कल्पना.

शेतकरी गटानेही हे लक्षात ठेवलं पाहिजे. हमाली वाचवायची म्हणून शेतमजुराला रात्री दहापर्यंत गाडी भरायला लावली, तर लूट फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेली. तसंच ‘विषमुक्त’ अशी पाटी लावून दुप्पट भाव घेतला, तर ती भाजी गावातल्या मजुराच्या घरी कधीच जाणार नाही. शिवाय पाटी लावायची तर पुरावा हवा. छोट्या शेतकऱ्यांसाठी सहभाग हमी पद्धत आहे. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करून नोंद ठेवतो. महागड्या प्रमाणपत्रापेक्षा ती परवडते. पण शेजाऱ्याने चोरून फवारणी केली, तर ते तोंडावर सांगायची तयारी लागते.

गट फुटतो कशावर?

कायद्याने दहा उत्पादक शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढू शकतात. शेअर कितीही असोत, सभासद शेतकऱ्याला मत एकच. केंद्र सरकारने २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संस्थांची योजना आणली आणि तालुक्या-तालुक्यात कंपन्या निघाल्या. त्यातल्या बऱ्याच अनुदानापुरत्या उरल्या. कारण नोंदणी आधी झाली आणि काम नंतर शोधलं गेलं. उलट केलेलं बरं. आधी पाच-सात जणांनी एक हंगाम एकत्र माल विकावा. नोंदणीचं नंतर बघावं.

गट भाव पडल्यावर फुटत नाही, भाव चढल्यावर फुटतो. बाजारात अचानक चाळीस रुपये झाले की गटाला पंचवीसने द्यायला कुणाचाच हात उठत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच वहीत लिहून सह्या घ्याव्यात अशा गोष्टी :

• भाव कसा ठरणार? बाजार समितीच्या भावावर अमुक रुपये, की हंगामभर एकच भाव?

• भाव चढला तर किती माल गटाला द्यायचाच, आणि किती बाहेर विकायची मोकळीक?

• प्रतवारी कोण करणार? ज्याचा माल त्याने स्वतःची प्रत ठरवायची नाही.

• विक्रीला उभं राहणाऱ्याची आणि पहाटे जुड्या बांधणाऱ्या बाईची मजुरी किती? ती खर्चात आधी धरायची, उरलं तर देऊ असं नाही.

• उरलेल्या मालाचं काय? खानावळीला कमी भावात, वाळवून, की जनावरांना? तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

• पैसे कधी वाटणार, आणि वही कोण पाहू शकणार? उत्तर एकच असावं : सगळे.

• अडीअडचणीला उचल लागली तर गटाच्या फंडातून किती मिळेल? दर आठवड्याला विक्रीतून थोडी रक्कम बाजूला काढली तरच हा फंड उभा राहतो. बचत गटातल्या बायांना ही पद्धत चांगली माहीत आहे. त्यांच्याकडून शिकायला लाज वाटायचं कारण नाही.

बाजार समिती एकदम सोडायचीही गरज नाही. दहा कॅरेटमधले सात समितीत आणि तीन गटाच्या गाडीत, अशी सुरुवात केली तर अडत्याशी संबंधही राहतो आणि शिकायलाही मिळतं. गिऱ्हाईक वाढलं की तीनाचे चार होतील, चाराचे पाच होतील. काही भाज्या समितीतच जास्त परवडतात, हेही एका हंगामात कळून येतं.

भाव पडणं गावातल्या कुणाच्या हातात नाही. पण एका गाडीत किती जणांचा माल जातो, घरच्या बाईची मजुरी वहीत लिहिली जाते की नाही, कणगीत पुढच्या पेरणीचं बी आहे की नाही आणि पट्टीवर काय कापलं ते कुणी वाचतं की नाही, हे गावाच्या हातात आहे. खरिपाची भाजी निघायला लागली की पाच घरांनी एकदा वही घेऊन बसावं आणि वरचं उदाहरण आपल्या गावच्या आकड्यांनी मांडून पाहावं. गणित जमलं तर गाडी ठरवावी. नाही जमलं, तर निदान कुठे अडतंय ते तरी कळेल.